मिठाचा खोटा आकडा मी भरणार नाही : जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्ह्यातले सर्व अन्न सुरक्षा अधिकारी

सविनय नमस्कार.

मी गटप्रवर्तक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आमच्या आशाताई घरोघर फिरतात आणि त्यांच्या कामाचा महिन्याचा अहवाल मी एकत्र करते. जिल्ह्याचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. माझी तक्रार कुणा एका माणसाबद्दल नाही. शिवाय दुसऱ्या जिल्ह्यातली एखादी गटप्रवर्तक हे वाचेल, तेव्हा तिला हे आपल्याच तालुक्याचं वाटेल याची मला खात्री आहे.

आमच्या अहवालात एक रकाना असतो : तपासलेले मिठाचे नमुने. मिठात आयोडीन आहे की नाही हे बघायचं किट आमच्याकडे पावसाळ्याआधीच संपलं. मागणी लेखी दिली, तोंडी सांगितलं, आठवण केली. गेल्या आढावा बैठकीत पुन्हा विषय काढला, तर उत्तर आलं, "किटचं बघू. पण रकाना रिकामा ठेवू नका, वर अहवाल अडतो. मागच्या वेळेसारखाच आकडा टाका." कुणी आवाज चढवला नाही. चहा पिता पिता सांगून झालं आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. मला ते जास्त लागलं. मी तो आकडा भरला नाही, आणि का भरला नाही ते आपल्याबरोबर लोकांनाही कळावं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

माझ्या थोरल्या आत्याला गलगंड होता. लिंबाएवढी गाठ गळ्याच्या पुढे आलेली. भर उन्हाळ्यातही ती पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घ्यायची आणि लग्नकार्यात फोटो काढायची वेळ आली की स्वयंपाकघरात निघून जायची. त्या काळी गावात अशा बायका आणखीही होत्या, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटत नसे. "पाणीच तसं आहे इथलं" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. पाण्याचा संबंध होताही, पण लोक समजत तसा नाही. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुगते, तोच गलगंड. वर्षानुवर्षांचा पाऊस आणि पूर डोंगराळ जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. त्या मातीतल्या ज्वारीत, मक्यात, भाजीत ते उतरत नाही आणि तो चारा खाणाऱ्या जनावराच्या दुधातही फारसं येत नाही. माणसाने घरचं, शेतातलं, ताजं कितीही खाल्लं तरी ही तूट भरून निघत नाही. म्हणून तर ते मिठातून द्यावं लागतं, कारण गरीब असो की श्रीमंत, मीठ रोज प्रत्येकाच्या पोटात जातं.

गाठ निदान डोळ्यांना दिसते. जे दिसत नाही त्याची मला जास्त काळजी आहे. गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या थायरॉइडवर चालते आणि आईच्या थायरॉइडला आयोडीन लागतं. ते फारच कमी पडलं तर गर्भपात, मृत बाळ, जन्मतः मतिमंद किंवा बहिरं-मुकं मूल इथपर्यंत गोष्ट जाते. थोडं कमी पडलं तर मूल चांगलं दिसतं, हसतं-खेळतं, शाळेत जातं, फक्त शिकताना मागे पडतं. मग घरचे त्याला ढ म्हणतात, गुरुजी म्हणतात लक्ष देत नाही. एकेका मुलाकडे बोट दाखवून "हे मिठामुळे झालं" असं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. या नुकसानाची तक्रार घेऊन आपल्या दारात कुणी येत नाही ते त्यामुळेच. बारा आठवड्यांच्या आत गरोदर मातेची नोंदणी करा म्हणून आम्ही जीव टाकतो. पण नोंदणीचं कार्ड हातात पडेपर्यंत बाळाचे हे आठवडे बरेचसे सरलेले असतात. तिच्या घरातलं मीठ त्याच्या आधीच बरोबर असायला हवं.

आणि लागतं तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला साधारण 250. आयुष्यभराची गरज एकत्र केली तरी एक लहान चमचा भरेल, एवढंच. पण ते एकदम देऊन ठेवता येत नाही, रोज थोडं थोडंच द्यावं लागतं. घरात पोचलेल्या मिठात निदान 15 पीपीएम आयोडीन असलं पाहिजे, म्हणजे किलोमागे 15 मिलिग्रॅम. असं दहा ग्रॅम मीठ दिवसभरात पोटात गेलं की 150 मायक्रोग्रॅमचा हिशेब जुळतो. जास्त मीठ खा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. रक्तदाब असणाऱ्याने ते कमीच करावं. जे खाल ते आयोडीनचं असू द्या, एवढंच सांगणं.

हे सगळं आपल्या देशाला फार आधीपासून ठाऊक आहे. 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनचं मीठ पोचवलं, एका भागात साधंच ठेवलं. जिथे आयोडीन गेलं तिथे गलगंड झपाट्याने उतरला. जिथे गेलं नाही तिथे तो होता तसाच राहिला. त्या पुराव्यावर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे कळलं की प्रश्न फक्त गळ्याचा आणि फक्त हिमालयाचा नाही, म्हणून 1992 मध्ये कार्यक्रमाचं नाव बदलून त्यात आयोडीन कमतरतेचे सगळेच विकार घेतले. देशभरात 414 जिल्ह्यांची पाहणी झाली, त्यात 337 जिल्हे या विकारांनी ग्रासलेले निघाले. तेव्हा ही डोंगरातल्या आदिवासींची गोष्ट आहे असं समजून कुणी निर्धास्त राहू नये.

कायदाही आहे. आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायला 1998 मध्ये देशभर बंदी आली, 2000 मध्ये ती उठली, 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. आज अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमांत ती आहे. मिठावरचा नियम म्हटलं की आपल्याकडे माणूस बिथरतो आणि त्याला कारण आहे. वडाळा आणि शिरोड्याला 1930 साली आपल्या माणसांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. छोट्या मिठागरवाल्यांचा धंदा बुडेल, ही त्या बंदीवरची हरकतही मला पोकळ वाटत नाही. त्यांना आयोडीन मिसळायची यंत्रं आणि त्यासाठी लागणारं पोटॅशियम आयोडेट परवडेल अशा दरात द्या, हे त्याचं उत्तर आहे. गावातल्या बाईच्या पोटातल्या बाळाने त्याची किंमत मोजणं हे उत्तर होऊ शकत नाही.

आता आमच्या तालुक्यात काय चाललंय ते सांगते.

आठवडे बाजारात मिठाची दोन-तीन दुकानं लागतात. ताडपत्रीवर ढीग, बाजूला उभी केलेली पोती, मापायला पत्र्याचा डबा. पोत्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे मीठ जनावरांसाठी किंवा औद्योगिक वापरासाठी आहे. जनावरांसाठी, कारखान्यासाठी, टिकवणीच्या कामासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला नियमात सूट आहे, पण पोत्यावर तसं लिहिलेलं असेल तरच. पोत्याचं तोंड उलगडून गुंडाळलं की ते लिहिलेलं घडीत जातं. मग तेच मीठ बैलाच्या गव्हाणीलाही जातं, लोणच्याच्या बरणीतही जातं आणि चुलीशेजारच्या डब्यातही. किट होतं तेव्हा अशा ढिगातलं चिमूटभर मीठ मी स्वतः बशीत घेऊन बघितलं आहे. आयोडीन असलं तर किटमधल्या थेंबाने मीठ जांभळं होतं. थेंब टाकला, पांढरंच राहिलं. मीठ अल्कधर्मी असलं तर पहिला थेंब फसवतो, म्हणून दुसऱ्या बाटलीतला पुन्हा-तपासणीचा थेंब टाकला. तरीही पांढरंच. नोंद केली, नमुना पुढे पाठवला. त्याचं पुढे काय झालं ते आजवर आम्हाला कळलेलं नाही.

मीठ विकणाऱ्या त्या मावशींवर माझा राग नाही आणि त्यांना दंड ठोकून कुणी कारवाईचा फोटो काढावा असंही मला वाटत नाही. त्या व्यापाऱ्याकडून पोतं आणतात आणि डब्याने विकतात. त्यांना वाचता येत नाही आणि कुणी सांगितलेलंही नाही. जनावरांच्या मिठाचं पोतं खाण्याच्या मिठाच्या गाडीत कुणी चढवलं, तालुक्याच्या गोदामात ते कुठून आलं, याची चौकशी त्यांच्यापाशी नाही, वरच्या टोकाला व्हायला हवी. आणि ती त्या बायांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

किटचं पुन्हा सांगते, कारण आपल्या कार्यालयात त्याकडे अहवालाचं साधन म्हणून बघितलं जातं. आमच्यासाठी ते तसं नाही. मी घरात जाऊन आयोडीन, थायरॉइड, मेंदू असे शब्द तासभर बोलले तरी ऐकणारी मान डोलावते आणि कामाला लागते. पण तिच्याच डब्यातलं मीठ, तिच्याच बशीत, तिच्याच डोळ्यांसमोर एका थेंबाने जांभळं झालं आणि शेजारणीचं झालं नाही, की प्रश्न सुरू होतात. "ताई, माझं चाललं ना? हिचं का नाही झालं? कुठून आणलं गं तू?" तिथून पुढे मला फार बोलावंच लागत नाही. त्या जांभळ्या डागाने आमच्या गावांत जेवढी घरं बदलली तेवढी एकाही पोस्टरने बदलली नाहीत. किट बंद झालं म्हणजे नुसता आकडा थांबला असं नाही, समजावण्याचं एकमेव खरं साधन गेलं. या तपासणीसाठी आशाताईला महिन्याला 50 नमुन्यांमागे मिळून 25 रुपये ठरलेले आहेत, म्हणजे नमुन्याला आठ आणे. त्या पैशांसाठी ती हे काम करत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण किट न देता आकडा मागितला की तिच्या प्रामाणिकपणाचाही भाव आपण आठ आणेच ठरवतो.

किटला मर्यादाही आहे. आयोडीन आहे की नाही एवढंच ते सांगतं, किती आहे ते प्रयोगशाळेतच कळतं. आणि फरक नेमका तिथे पडतो. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत आयोडीनचं मीठ नव्वद टक्क्यांहून जास्त घरांत पोचलेलं दिसलं, पण पुरेसं, म्हणजे 15 पीपीएम किंवा जास्त आयोडीन असलेलं मीठ होतं 76.3 टक्के घरांतच. जवळजवळ चौथा हिस्सा घरं बाहेर राहिली. ती घरं कुठली असतील हे सांगायला मला पाहणी लागत नाही. पुड्याला पंचवीस-तीस रुपये मोजायचे की बाजारातलं सुटं मीठ दहा रुपयांत न्यायचं, हा हिशेब जिथे दर आठवड्याला करावा लागतो, तीच ती घरं.

सगळा दोष बाजाराचा नाही, हेही खरं. खडे मीठ कचकच लागतं म्हणून बायका ते पाण्यातून काढून घेतात. खड्यावर आयोडीन वरवर लावलेलं असतं, ते त्या पाण्याबरोबर वाहून जातं. उघड्या वाडग्यात, चुलीच्या धगीला, पावसाळ्यात पाणी सुटलेलं मीठ महिनोन् महिने राहतं, त्यातलंही आयोडीन कमी होत जातं. झाकणाच्या डब्यात ठेवा, भाजी उतरवताना शेवटी मीठ घाला, या साध्या गोष्टी आहेत. आयोडीनच्या मिठाने लोणचं काळं पडतं किंवा नासतं ही समजूतही अजून घट्ट आहे, ती खरी नाही. आम्ही हे सांगत असतो, सांगत राहू. पण बाई पुडा घ्यायला तयार झाली आणि गावातल्या दुकानात पुडाच नाही, असं झालं तर आमचा शब्द जातो.

इथे शहरातल्या वाचकांनाही एक विनंती, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईल. गेल्या काही वर्षांत गुलाबी मीठ, सैंधव हेच "खरं" आणि पांढरं मीठ म्हणजे विष, असे व्हिडिओ आमच्या गावातल्या मोबाइलवरसुद्धा पोचले आहेत. उपवासाला सैंधव वापरण्याची रीत जुनी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीन न मिसळलेलं सैंधव आलं, तर त्या घराची गत बाजारातलं सुटं मीठ नेणाऱ्या घरासारखीच होते. ते रक्तदाबालाही वेगळं नाही, सोडियम त्यातही तेवढंच आहे. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर कृपा करून पुडा उलटून "आयोडीनयुक्त" लिहिलंय का ते बघा.

आता मागण्या. यातल्या बहुतेक नव्या नाहीत. जे आधीच ठरलेलं आहे तेच मुख्यतः मागते आहे.

मुदत संपलेली नसलेली किट या महिन्याअखेर प्रत्येक आशाताईच्या हातात द्या आणि पुढे दर तिमाहीला औषधांच्या यादीतच ती पाठवा, म्हणजे वेगळी मागणी करत बसावं लागणार नाही. जिथे किट नाही तिथे अहवालात "किट उपलब्ध नाही" असं लिहिण्याची मुभा लेखी द्या. त्यासाठी कुणाचा मोबदला अडवू नका, कुणाला बैठकीत उभं करू नका. आजवर किट नसताना भरलेले आकडे असतील तर ते बाजूला काढा. त्यांच्या भरवशावर जिल्ह्यात सगळं ठीक आहे असं वर कळवलं जात असेल, तर ते थांबवा.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी आठवडे बाजारातल्या नमुन्यांबरोबर तालुक्याच्या घाऊक गोदामांतलेही नमुने घ्यावेत, प्रयोगशाळेत आयोडीनचं प्रमाण काढून घ्यावं आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्या गावातून नमुना गेला त्या गावाला उत्तर मिळालंच पाहिजे. खाण्याच्या मिठाबरोबर जनावरांचं मीठ विकायचं असेल तर ते वेगळ्या जागी, वेगळ्या रंगाच्या पोत्यात, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा बैलाच्या चित्रासह विकायला लावा. अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार आणि आश्रमशाळा यांच्या स्वयंपाकघरांतलं मीठही तपासणीत घ्या. तिथे मुलांच्या ताटात काय पडतं याची जबाबदारी सरळ आपली आहे.

दर पाच वर्षांनी फेरपाहणी करायची असं कार्यक्रमातच म्हटलेलं आहे. आपल्या जिल्ह्याची शेवटची पाहणी कधी झाली आणि त्यात काय निघालं, ते जाहीर करा. शाळकरी मुलांच्या लघवीतलं आयोडीन मोजल्याशिवाय जिल्ह्याची खरी स्थिती कळणार नाही. बाहेरून दिसणारे गळे बघून ती ठरवता येत नाही.

आणि जिल्हाधिकारी साहेब, रेशन दुकानात आयोडीनचं मीठ मिळावं असा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवा. शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशात रेशनवर मीठ देण्याच्या योजना राबवल्या गेल्या आहेत. आमच्या सीमेवरच्या गावांतल्या बायकांचं माहेर तिकडचं असतं. त्या आम्हाला विचारतात, तिकडे मिळतं ते इकडे का मिळत नाही. मला याचं उत्तर देता येत नाही, आपणच द्यावं.

21 ऑक्टोबरला आयोडीन न्यूनता विकार प्रतिबंध दिन असतो. दरवर्षी आम्हाला बॅनर येतं, आम्ही फेरी काढतो, फोटो पाठवतो. या वर्षी बॅनर नको. त्या आठवड्याच्या बाजारात आपण, अन्न सुरक्षा अधिकारी आणि आम्ही सगळ्या मिळून मिठाच्या प्रत्येक दुकानावर लोकांसमोर नमुने तपासू. बशा आम्ही आणतो. किट आपण आणा.

आपली विश्वासू,
एक गटप्रवर्तक